आधी शाळेत नाव, मग कागद: दिव्यांग मुलाला प्राथमिक शाळेत मदत कशी मिळवावी

टेबलापलीकडे वडील बसलेले असतात. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रिपोर्ट, एक्स-रे, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. शेजारी मुलगा किंवा मुलगी. मी विचारते, “कितवीत आहे?” उत्तर येतं, “अजून नाव घातलं नाही, बाई. सर्टिफिकेट मिळालं की घालू.” मूल तोवर आठ वर्षांचं झालेलं असतं.

तालुक्याच्या ठिकाणी विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात तिथूनच करते. दिव्यांग प्रमाणपत्र लागतं आणि ते काढायचंच आहे. पण त्याच्यापायी शाळा थांबवायची नाही. पहिली-दुसरीची दोन वर्षं हातची गेली की मुलाला ती कुणी परत आणून देत नाही. प्रमाणपत्र मात्र पुढच्या महिन्यातही निघतं. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या पहिली ते पाचवीच्या मुलांच्या पालकांसाठी आहे, आणि कामं ज्या क्रमाने करावीत असं मला वाटतं त्याच क्रमाने लिहिलंय.

पायरी १: जवळच्या शाळेत नाव घाला

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्यात भर घातली: ज्याचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे अशा मुलाला हा हक्क ६ पासून १८ वर्षांपर्यंत आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्याची आहे. त्याच अधिनियमाचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या कुठल्याही शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत त्याला वावरता येईल अशी करायची, आणि त्याच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक मदत पुरवायची. कलम १६ मध्ये ४० टक्क्यांची अट नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र नाही म्हणून तर नाहीच नाही.

मुख्याध्यापक बहुतेक वेळा वाईट हेतूने नकार देत नाहीत. ते म्हणतात, “आमच्याकडे अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई नाहीत, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल.” त्यांना शांतपणे सांगा की विशेष शिक्षक तालुक्याला असतात आणि मूल पटावर आल्याशिवाय ते त्या शाळेत येऊ शकत नाहीत. दरवर्षी शाळा यूडायस प्लस या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी पोर्टलवर माहिती भरते, तिच्यात मुलाच्या दिव्यांगत्वाचा रकाना असतो. साहित्य, भत्ते, विशेष शिक्षकांच्या भेटी, सगळ्याचं नियोजन त्या आकड्यांवर होतं. रकाना रिकामा राहिला तर शासनाच्या लेखी तुमचं मूल दिव्यांग नाही. म्हणून नाव घातल्यावर महिन्याभराने जाऊन विचारा: “सर, यूडायसमध्ये भरलंत ना?”

तोंडी बोलणं चांगलंच, पण सोबत अर्ज द्या. साधा पुरे:

“माझा मुलगा, वय ६ वर्षे पूर्ण, यास चालण्यास त्रास होतो. त्यास आपल्या शाळेत इयत्ता पहिलीत प्रवेश मिळावा. तसेच त्याची नोंद विशेष गरजा असणारे बालक म्हणून घेऊन गट साधन केंद्रास कळवावे, ही विनंती.”

गट साधन केंद्र म्हणजे काय ते पायरी ४ मध्ये येईल. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. या पोचेने जेवढी कामं होतात तेवढी भांडणाने होत नाहीत.

पायरी २: नक्की काय अडतंय ते तपासून घ्या

इथे एक आग्रह धरते. कुठल्याही मुलाला “मंद आहे”, “लक्ष देत नाही”, “हट्टी आहे” असं म्हणण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासा. तिसरीतला एक मुलगा माझ्याकडे वर्तनसमस्या म्हणून आला होता. मागून हाक मारली की वळत नसे, समोरून बोललं की सगळं कळायचं. तो तीन वर्षं ओठांवरून शिकत होता आणि त्याबद्दल रोज बोलणी खात होता.

तपासणी फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. मूल शाळेत असेल तर या पथकाच्या नजरेस पडतं, घरी असेल तर राहून जातं. नाव आधी घाला म्हणते त्याचं हेही एक कारण. पथकाला काही आढळलं तर ते जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचाउपचार आणि श्रवण तपासणारे, मानसशास्त्रज्ञ अशी माणसं एका छताखाली असावीत अशी रचना आहे. जायच्या आधी फोन करून त्या दिवशी कोण आहे ते विचारा, नाहीतर खेप वाया जाते.

वर्गशिक्षकांकडेही एक साधन आहे. एनसीईआरटीने काढलेलं ‘प्रशस्त’ नावाचं ॲप. त्यात प्रश्नावली भरून मुलात कोणत्या दिव्यांगत्वाची लक्षणं दिसतात याची पहिली चाळणी करता येते. ते निदान नाही. पण “बाई, प्रशस्तमध्ये एकदा भरून बघाल का?” एवढ्या प्रश्नाने संवाद सुरू होतो.

मुंबईच्या जवळ असाल तर ऐकू येण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हातापायांच्या, चालण्याच्या अडचणींसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था, या दोन केंद्र सरकारच्या जुन्या, भरवशाच्या जागा आहेत.

पायरी ३: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्यासाठी आणि प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. मोबाइलवरून जमतो, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून करा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे रिपोर्ट लागतात. नाव आधारवर आणि जन्मदाखल्यावर अक्षरशः सारखं आहे ना ते आधी बघा. पुढे बँक खात्यापर्यंत त्याच एका अक्षराने अडतं.

मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. जिल्हा रुग्णालयात यासाठी ठरावीक वार असतो, लोकांच्या भाषेत ‘बोर्डाचा दिवस’. सकाळी लवकर जा. मुलाचा डबा, पाणी, आवडीची एखादी वस्तू, जादा कपडे सोबत ठेवा. उपाशी, घाबरलेलं मूल डॉक्टरांसमोर गप्प बसतं आणि त्या दहा मिनिटांवरून ठरतं. घरी ते काय करतं आणि काय करू शकत नाही याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या.

२०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजारही त्यात येतात. सिकलसेलचा उल्लेख मुद्दाम करते, कारण विदर्भात आणि नंदुरबारकडे असे कितीतरी विद्यार्थी वर्गात आहेत आणि वारंवार गैरहजर राहतात म्हणून ओरडा खातात. हीही दिव्यांगत्वात मोडणारी गोष्ट आहे, हे शाळेला माहीतच नसतं.

कार्डाचा रंग टक्क्यांवरून ठरतो. ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरं कार्ड हाती आलं की पालक खचतात. बऱ्याच योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात हे खरं, पण वर कलम १६ सांगितलं ते पांढऱ्या कार्डवाल्या मुलालाही लागू आहे. वर्गात पुढे बसवणं, वेगळ्या पद्धतीने शिकवणं, उत्तर तोंडी घेणं हे त्यालाही मिळायलाच हवं.

लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा काही वर्षांपुरतं असतं. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर नाही, भिंतीवर लिहा.

पायरी ४: गट साधन केंद्राचं दार ठोठावा

पालकांना रुग्णालय माहीत असतं, शाळा माहीत असते. मधली ही जागा माहीत नसते. प्रत्येक तालुक्याला पंचायत समितीच्या शिक्षण विभागाशी जोडलेलं गट साधन केंद्र असतं, मोठ्या शहरांत शहर साधन केंद्र. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना २०१८ पासून सुरू आहे, आणि तिच्या समावेशित शिक्षण या भागाचे विशेष शिक्षक नि विषयतज्ज्ञ इथे बसतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन फक्त एवढं विचारा: “समावेशित शिक्षण कोण बघतं?”

इथून काय मिळतं? एक, साहित्य. मोजमाप शिबिर लागतं, त्यात मुलाचं माप घेतात आणि काही महिन्यांनी श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा), सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची आधाराची खुर्ची), ब्रेल साहित्य वाटलं जातं. यातलं बरंचसं कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीकडून येतं. मुलं वाढतात हो. मापानंतर फार काळ लोटला असेल तर वाटपाच्या दिवशी तिथेच घालून बघा, न बसणारी वस्तू सही करून घरी आणू नका. श्रवणयंत्राचं तर विशेष सांगायचंय. यंत्र कपाटात पडून राहण्याची कारणं अगदी साधी असतात: सेल संपला, किंवा कानातला साचा सैल झाला आणि यंत्र शिट्टी मारायला लागलं. लहान मुलाचा कान वाढतो, साचा वेळोवेळी नवा करावा लागतो. सेल कुठे मिळतो आणि साचा कोण करून देतं, हे दोन प्रश्न यंत्र हातात घेतानाच विचारून घ्या.

दोन, भत्ते. शाळा लांब असेल तर प्रवासभत्ता, मुलाला कुणीतरी आणून सोडावं लागत असेल तर मदतनीस भत्ता, अंध मुलांसाठी वाचक भत्ता, आणि दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये, वर्षात १० महिने. रक्कम मोठी नाही. पण मुलीच्या नावावर पैसे येतात म्हणून आजी तिला रोज वेळेवर तयार करते, हेही मी पाहिलंय. पैसे खात्यात जमा होतात, म्हणून मुलाचं आधारशी जोडलेलं बँक खातं जूनमध्येच उघडून ठेवा.

तीन, ब्रेल किंवा मोठ्या ठशातली पाठ्यपुस्तकं. मागणी शाळेमार्फत जाते. मुलाला कोणत्या आकाराचं अक्षर वाचता येतं ते आधी ठरवून सांगा.

आणि चार, स्वतः विशेष शिक्षक. इथे खरं सांगितलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षकाकडे गावोगावच्या शाळा असतात आणि तुमच्या शाळेत तो रोज येऊ शकत नाही. म्हणून त्याच्या भेटीचा वार ठरवून घ्या, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, शक्य असेल तर तुम्हीही थांबा. त्याने काय करून दाखवलं ते वर्गशिक्षकांनी आणि तुम्ही पाहिलं, तरच मधले दिवस भरतात.

पायरी ५: कुठली शाळा?

बहुतेक मुलांसाठी माझं उत्तर एकच आहे: वाडीवस्तीवरची, भावंडं जातात ती शाळा. मूल शेजारच्या मुलांबरोबर वाढतं, पोषण आहाराच्या पंगतीत बसतं, त्याला नावाने हाक मारणारी चाळीस मुलं होतात. ही ओळख त्याला आयुष्यभर पुरते.

पण विशेष शाळेला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषा मिळायला हवी, सांकेतिक भाषेत बोलणारी मोठी माणसं आणि बरोबरीची मुलं हवीत. गावच्या शाळेत ते एकटं पडू शकतं. ब्रेल रोज हाताखालून गेली तरच बसते. दादरच्या कमला मेहता अंध शाळेसारख्या जुन्या संस्था याच गरजेतून उभ्या राहिल्या. काही मुलं सुरुवातीची वर्षं विशेष शाळेत काढून मग साध्या शाळेत येतात, आणि ती वाट चांगली आहे. विशेष शाळा बघायला जाल तेव्हा नोंदणी प्रमाणपत्राची मुदत विचारा, शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि भिंतीवरच्या बक्षिसांपेक्षा स्वच्छतागृह बघा. वसतिगृह असेल तर न सांगता एकदा जाऊन या. सहा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवण्याआधी मात्र दहा वेळा विचार करा.

गृहाधारित शिक्षण ही तिसरी वाट. अतितीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. मूल शाळेच्या पटावर राहतं आणि विशेष शिक्षक घरी येतात. खरंच अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी हा आधार मोठा आहे. पण शाळेला रॅम्प नाही किंवा शौचालय वापरता येत नाही, या कारणासाठी कुणी ही वाट सुचवत असेल तर मानू नका; तिथे शाळा बदलायला हवी, मुलाला घरी बसवायचं नाही. घरी शिकणाऱ्या मुलालाही पंधरा ऑगस्टला, बालआनंद मेळाव्याला, स्नेहसंमेलनाला शाळेत न्या. वर्गाला कळू दे की हा आपल्यातलाच आहे.

खासगी शाळेत शिकवायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांचा विचार करा. आपल्या राज्यात दिव्यांग मूल वंचित घटकात मोडतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. फक्त इथे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र अर्जाच्या वेळीच हातात लागतं, माझ्या नियमाला हा अपवाद. ही ऑनलाइन प्रक्रिया शाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी होते, म्हणून प्रमाणपत्राचं काम आदल्या दिवाळीतच सुरू करा. सीबीएसईच्या शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे. प्रवेशाच्या वेळी त्यांना भेटण्याचा आग्रह धरा. “शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस, तुमच्या खर्चाने आणलात तरच प्रवेश” असं काही शाळा सांगतात. वैयक्तिक मदत पुरवायची जबाबदारी कायद्याने शाळेवर टाकलीय, हे त्यांना लेखी कळवा. सूर बदलतो.

पायरी ६: वर्गशिक्षकांसाठी एक पान

सगळ्या पायऱ्यांत मला ही सगळ्यात मोलाची वाटते, आणि हिला ना कार्यालय लागतं ना शिक्का. वर्गात चाळीस मुलं असणाऱ्या बाईंना तुम्ही रिपोर्टची फाइल दिलीत तर ती कपाटात जाईल. त्याऐवजी वहीच्या एका पानावर स्वतःच्या हाताने लिहा.

काय लिहायचं? मुलाला काय आवडतं. त्याला काय चांगलं जमतं. तहान, लघवी, दुखणं तो कसं सांगतो, शब्दाने की खुणेने. कशाने घाबरतो: मिक्सरचा आवाज, घंटा, गर्दी, अचानक झालेला स्पर्श. घाबरला तर कशाने शांत होतो. खिचडी नीट गिळतो का, की घास बारीक करावा लागतो. फिट येते का, आली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, कुणाला फोन करायचा. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, म्हणजे त्या बाजूला बाई असतील असं बसवता येईल. अंगठ्याएवढी जाड पेन्सिल लागते का. पाय अधांतरी राहू नयेत म्हणून बाकाखाली पाट लागतो का.

हा पाट काय करतो ते एका पहिलीतल्या मुलीने मला दाखवलं. सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नव्हता; बाकावर घसरायची, तोल सांभाळण्यातच हात गुंतायचे, लिहायला उरायचेच नाहीत. तिच्या आईने घरून स्वयंपाकघरातला जुना पाट आणला. पाय टेकले, पाठ ताठ झाली, आठवड्याभरात रेघोट्या कागदावर आल्या. कुठलीही योजना नव्हती, मंजुरी नव्हती.

आणि शौचालय. लाजू नका, हे आधी बोला. किती मुली केवळ यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग एक दिवस शाळाच सोडतात. धरायला एक दांडा, साधी कमोड खुर्ची, सोबत जाणारी एक मोठी मैत्रीण किंवा मदतनीस ताई. पहिल्या आठवड्यात ठरवा.

पायरी ७: वैयक्तिक शैक्षणिक आराखडा

विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक मिळून मुलासाठी आराखडा करतात. तुम्ही त्या बैठकीला असायलाच हवं. “प्रगती करेल”, “सुधारणा होईल” अशी वाक्यं दिसली तर थांबवा. आराखड्यातलं ध्येय डोळ्यांनी दिसणारं हवं. उदाहरणार्थ: “दिवाळीपर्यंत बाईंनी सांगितल्यावर दप्तरातून योग्य पुस्तक स्वतः काढेल, पाचपैकी चार वेळा.” किंवा “पहिल्या सत्राअखेर वस्तू मोजून १० पर्यंत अंक दाखवेल.” तीन-चार ध्येयं पुरेत. प्रत्येकापुढे कोण शिकवणार, घरी काय करायचं, कधी तपासायचं ते लिहा. दर तिमाहीला बसा. जमलं नाही ते मुलाच्या माथी मारू नका. ध्येय लहान करा किंवा पद्धत बदला.

अध्ययन अक्षमता: थोडं वेगळं सांगायचंय

हे मूल दिसायला चारचौघांसारखं, बोलायला चुणचुणीत. फक्त वाचता-लिहिता येत नाही. ‘घर’ला ‘धर’ वाचतं, ‘भ’ आणि ‘म’ एकच वाटतात, मात्रा-वेलांट्या गळतात, जोडाक्षर आलं की अंदाजाने पुढे उडी मारतं. एरवीच्या मुलाचं हे पहिली-दुसरीत होतं आणि सरावाने जातं. याचं तिसरीतही जात नाही.

आकड्यांची वेगळीच गंमत. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, आणि लिहिताना वीस आधी. या मुलाला ऐकू येतं तसं ते ५२ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मोठ्यांनी भाषेच्या काळजीपोटी वाद घातला. मला मात्र त्या वेळी माझी ही मुलं आठवत होती. ‘वीस पाच’ म्हटलं की ती बिनचूक लिहितात. तुमच्या मुलालाही घरी तसं म्हणू द्या, पंचवीस मागाहून येईल.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास मिळतं, त्याआधी निदान पक्कं मानत नाहीत. मुंबईत सायन हॉस्पिटलचं केंद्र यासाठी अनेक वर्षांपासून ओळखलं जातं. चाचण्या एका दिवसात उरकत नाहीत. शाळेचा अहवाल, वह्या, निकालपत्रं सोबत न्यावी लागतात, म्हणून जुन्या वह्या रद्दीत घालू नका. पण मदत प्रमाणपत्राआधीच सुरू होऊ शकते. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये, फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नये, शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी पान भरू नये. अक्षर रव्यात, वाळूत बोटाने गिरवायला द्यावं. आणि रात्री झोपताना तुम्ही त्याला गोष्टी वाचून दाखवा. त्याचं डोकं गोष्टींसाठी भुकेलेलंच असतं, अडतात ती अक्षरं.

परीक्षा

प्राथमिक वर्गांत आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीत, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे आधीपासूनच आहेत. म्हणजे लिहिता न येणाऱ्या मुलाला तोंडी तपासण्यासाठी वर्गशिक्षकांना वेगळा नियम शोधावा लागत नाही. लेखी परीक्षेत जादा वेळ, साधारण तासाला २० मिनिटं, आणि लेखनिकाची सोय मागता येते. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूदही २०१६ च्या अधिनियमात आहे. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, म्हणून सवलतींचा अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. भाषेतून सूट घेताना मात्र घाई करू नका. पुढे कोणत्या शाळेत जायचं ते डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवा.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात: ४० टक्क्यांच्या पुढे एसटीत ७५ टक्के सवलत आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही येते. राज्याची शालांतपूर्व शिष्यवृत्ती शाळेमार्फत मागता येते. आणि स्वमग्नतेवर स्टेम सेलचे उपचार कुणी सुचवले तर एक रुपयाही देऊ नका, त्यांना मान्यता नाही.

अडलं तर

पहिल्यांदा मुख्याध्यापक. मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के पालकच असतात, तुम्हीही सदस्य होऊ शकता आणि व्हावं. मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. त्यापुढे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, प्राथमिक. दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात समन्वय अधिकारी असावा असं केंद्राच्या नियमांत आहे. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. ३ डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच आहे. दर वेळी आधीच्या अर्जाची पोच जोडा. भत्ता आला नाही, साहित्य आलं नाही आणि कुणी नीट सांगत नाही, तेव्हा १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरात दुसऱ्या शाळेत दाखवायचा कागद) घ्या आणि त्याच पाकिटात कार्डाची झेरॉक्स, आराखडा आणि ते एक पान ठेवा. कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना मूल पहिल्याच दिवशी कळेल.

असंच पाकीट चौथी किंवा पाचवी संपताना सगळ्यांनाच लागतं. गावची शाळा तिथेच संपते, मूल मोठ्या शाळेत जातं, आणि चार वर्षांत जमवलेलं सगळं जुन्या शाळेच्या कपाटात राहून जातं. निकालाच्या दिवशी दाखल्यासोबत आराखड्याची प्रत मागा, नव्या शाळेच्या यूडायसमध्ये रकाना पुन्हा भरलाय का ते बघा, आणि त्या एका पानाची नवी प्रत लिहायला घ्या. आता मुलालाच विचारून लिहा. नव्या बाईंना काय सांगायचं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.